आजोबांचा रिसाल्यातला युनिफॉर्म नागपूरच्या हवेत कसा टिकवायचा

घरातलं कोणी रिसाल्यात म्हणजे घोडदळात, आताच्या आर्मर्ड कोरमध्ये (रणगाड्यांच्या दलात) ऑफिसर होतं आणि त्यांची काळी ट्रंक आता तुमच्या वाट्याला आली असेल तर सगळ्यात आधी एक ऐका, काहीच धुवायचं नाही, ड्रायक्लीनला द्यायचं नाही, चमकवायचं तर बिलकुलच नाही. वस्तू जुनी झाली म्हणून खराब होत नाही हो, बहुतेक वेळा दिवाळीच्या सफाईत कोणाला तरी उत्साह येतो म्हणून होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धातले, १८६१ ते ६५ मधले, घोडदळाचे निळे लोकरी जॅकेट, पिवळ्या काठाचे, तिकडच्या म्युझियममध्ये आजही बघायला मिळतात, म्हणजे लोकर नीट ठेवली तर दीडशे वर्षं कुठे जात नाही.

आपल्याकडची खरी अडचण म्हणजे कूलर. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४५ च्या आसपास, हवा ठणठणीत कोरडी, आणि घरात कूलर लावला की तीच हवा दमट, रात्री बंद केला की परत कोरडी, हे रोजचं वरखाली कापड, चामडं, कागद सगळ्यालाच त्रास देतं. त्यामुळे ट्रंक कूलरच्या खोलीत नको, स्लॅबखालच्या माळ्यावर पण नको कारण तिथे भट्टी असते. खालच्या मजल्यावरची आतली खोली बघा, लाकडी पाटावर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब, वाळवीचं पण लक्षात येतं मग. हवेतला ओलावा मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो तो आत टाका, आकडा ४५ ते ५५ टक्क्यांमध्ये असला तर मस्त, पावसाळ्यात ६५ च्या वर जाऊन तिथेच बसला तर बुरशी येणार म्हणजे येणारच. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा पण त्या ओलावा पिऊन गच्च झाल्या की बदला, नुसत्या पडून राहिल्या तर काही उपयोग नाही.

आता कसर. लोकर तिची आवडती, आणि कॉलरवर, काखेत घामाचे डाग असले तर तिथून आधी सुरू करते. डांबरगोळ्या कापडाला चिकटवून ठेवू नका, वास वर्षानुवर्षं जात नाही आणि तो तब्येतीला पण चांगला नाही. कडुनिंबाचा पाला थेट घातला तर डाग पडतात. वेखंडाची पुरचुंडी चालेल पण लागलेली कसर त्याने मरत नाही, त्यासाठी फ्रीजर. कोट प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून पक्का बंद करायचा, उणे १८ ला दोन आठवडे, आणि बाहेर काढला की पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण दिवस तशीच राहू द्या नाहीतर दव कापडावर धरतं. फक्त कापड हं, बेल्ट, बूट, मेडल फ्रीजरमध्ये नाही.

घडी घालताना आत मांजरपाट, आधी दोनदा धुऊन खळ काढलेला, गुंडाळी करून बाह्यांत आणि घडीच्या जागी भरा, कडक घडी पडली की तिथेच कापड तुटतं. हँगरवर वर्षभर लटकवू नका, खांदे ताणले जातात. ब्लू पॅट्रोल (समारंभाचा बंद गळ्याचा निळा कोट) असेल तर खांद्यावर ती साखळ्यांची जाळी असते ना, पूर्वी तलवारीचा वार अडवायला असायची ती, तिचे फोटो काढून मग सोडवून वेगळी ठेवा, गंज लोकरीत उतरला की निघत नाही. मेडलचं पण तसंच. पितळेची बटणं पॉलिशने घासली तर वरचा मुलामा जातो आणि खाली पांढरी पावडर बसते. चिंच, लिंबू, राख, हे देवाच्या भांड्यांना.

सॅम ब्राऊन बेल्ट, म्हणजे खांद्यावरून तिरका पट्टा असलेला कमरेचा चामडी पट्टा, गुंडाळू नका, आडवा ठेवा, खोबरेल तेल लावू नका. तो बेल्ट रिसाल्यातलाच, १८५८ मध्ये डावा हात गेलेल्या सॅम ब्राऊन या घोडदळाच्या ऑफिसरच्या नावाचा. तलवार चामड्याच्या म्यानात घालून ठेवली की चामड्यातलं आम्ल आणि ओल पातं खातात, म्हणून म्यान वेगळं, पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात, आणि बोटं लावू नका, घामाचे ठसे गंजतात. धार लावून घ्यायची हौस कोणाला आली तर अडवा. आणि तलवार आहे म्हणजे शस्त्र कायद्याचा प्रश्न येतो, लायसन लागतं का ते आपल्या पोलीस स्टेशनला विचारून घ्या.

पत्रांवर जास्त वेळ घालवा, माझ्या मते ट्रंकेतली सगळ्यात मोठी दौलत तीच. युद्धातल्या पत्रांवर जागेचं नाव नसतं, पत्ता नुसता ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस), ५६ म्हणजे पश्चिमेकडचं, ९९ पूर्वेकडचं, एवढ्यावरून १९७१ मध्ये आजोबा कुठल्या आघाडीवर होते त्याचा अंदाज येतो. म्हणून पाकिटं फेकू नका, शिक्क्यावरची तारीख आणि युनिटचं नाव तिथेच असतं. टाचण्या काढा, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर हत्याच समजा. सावलीतल्या उजेडात फोनने दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, घड्या उलगडून पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या फाइलमध्ये नको, ती चिकटते. फोटोत कोण कोण आहे ते आजी आहेत तोवर विचारून घ्या, मऊ पेन्सिलीने मागे हलक्या हाताने लिहा, बॉलपेनचा दाब पुढून दिसतो.

रेजिमेंट कळत नसेल तर कॅप बॅज आणि बटणं बघा, अहिल्यानगरला कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, तिथे फोटो घेऊन गेलात तर जुळवून बघता येईल. आणि एखादी वस्तू शंभर वर्षांच्या वरची असेल तर १९७२ च्या कायद्याने ती पुरावस्तू ठरू शकते, मग ती पार्सल करून अमेरिकेतल्या भावाकडे पाठवता येत नाही, त्याला फोटोच पाठवा.