जँगोत दोन ऑब्जेक्टच्या 'क्रम'ची अदलाबदल करताना इंटिग्रिटीएरर: माझा अनुभव

जँगो (पायथनची वेब फ्रेमवर्क), पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि मॉडेलमध्ये 'क्रम' हे युनिक फील्ड, म्हणजे दोन ओळींत एकच आकडा चालत नाही. 'अ.क्रम, ब.क्रम = ब.क्रम, अ.क्रम' या ओळीने मेमरीत अदलाबदल बिनचूक होते, पण पहिल्याच सेव्हला इंटिग्रिटीएरर, म्हणजे डेटाबेसचं बंधन मोडल्याची एरर. समजा अ चा क्रम 1 आणि ब चा 2; अ ला 2 द्यायला जावं, तर टेबलमध्ये ब अजून 2 वरच ठाण मांडून असतो.

नुसतं ट्रान्झॅक्शन.ॲटॉमिक (सगळे बदल एकत्र कमिट, म्हणजे पक्के, करणारा ब्लॉक) लावून भागत नाही. बल्क_अपडेट (अनेक ऑब्जेक्ट एकदम सेव्ह करणारी मेथड) एकच क्वेरी पाठवतं, तरी आपटतं, कारण पोस्टग्रेस साधं युनिक बंधन क्वेरीच्या शेवटी नाही, टेबलमधली एकेक ओळ बदलतानाच तपासतं. मधे तात्पुरता -1 ठेवावा, तर माझं 'क्रम' पॉझिटिव्हइंटिजरफील्ड आहे, ते ऋण आकडा घेत नाही. डोकं पार भणभणलं.

चाललं ते असं. आधी फील्डवरचं युनिक=ट्रू काढा. मग मॉडेलच्या आतल्या मेटा क्लासच्या कन्स्ट्रेंट्समध्ये 'क्रम'साठी युनिककन्स्ट्रेंट लिहा; त्याला नाव द्या आणि डिफरेबल=डिफरेबल.डिफर्ड जोडा, म्हणजे तपासणी पुढे ढकलली जाते (जँगो 3.1 पासून आहे). मेकमायग्रेशन्स आणि मायग्रेट या कमांड चालवून बदल डेटाबेसात न्या. आता ॲटॉमिक ब्लॉकच्या आत दोन्ही ऑब्जेक्ट सिलेक्ट_फॉर_अपडेटने (ओळींना कुलूप लावून), पीकेच्या (प्रायमरी कीच्या) क्रमाने उचला, म्हणजे डेडलॉकची, दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांसाठी अडकून बसण्याची, भानगड नको. अदलाबदलीची वरची ओळ चालवा, दोन्ही सेव्ह करा. तपासणी थेट कमिटला होते. ब्लॉक मात्र हवाच, नाहीतर प्रत्येक सेव्ह आपापलं कमिट होतं आणि एरर पुन्हा हजर.

एक किंमत मोजावी लागते: अशा फील्डकडे फॉरेन की (दुसऱ्या टेबलमधून जोडणी) लावता येत नाही, ऑन कॉन्फ्लिक्टही (इन्सर्ट करताना टक्कर झाली तर काय करायचं ते सांगणारा भाग) त्यावर चालत नाही. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट या डेटाबेसांवर हा उपायच नाही.