श्टुटगार्टमधील एका सत्राची तयारी मुंबईतून कशी करावी

मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. एका सत्रासाठी जर्मनीला जाण्याची संधी मिळालेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी या शहराचा विचार अवश्य करावा, मात्र सत्र किती लहान असते हे आधी समजून घ्यावे. हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे असले, तरी प्रत्यक्ष शिकवणी ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच चालते आणि त्यातही नाताळची सुटी येते. परीक्षा त्यानंतर होतात. हातात येणारे आठवडे इतके मोजके असल्यामुळे जे काम मुंबईत बसून होण्यासारखे आहे, ते तिकडे जाऊन करण्यासाठी ठेवू नये.

सर्वांत आधी क्रेडिटचा प्रश्न सोडवावा, कारण वर्ष वाया जाते ते बहुधा इथेच. युरोपीय पद्धतीत पूर्ण सत्राचे ३० क्रेडिट धरले जातात आणि एका क्रेडिटमागे व्याख्याने, स्वाध्याय व परीक्षेची तयारी मिळून २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. त्यामुळे आपल्याकडचे क्रेडिट आणि तिथले क्रेडिट एकास एक जुळत नाही. कोणता विषय कोणत्या विषयाऐवजी धरला जाईल, हे दोन्ही संस्थांच्या सहीनिशी ‘लर्निंग ॲग्रीमेंट’मध्ये लिहून घ्यावे. मी शिकवत असलेल्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याला एका विषयाची मंजुरी केवळ तोंडी मिळाली होती. तो परत आला तोवर विभागप्रमुख बदलले होते, आणि तिथे चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्या त्या मुलाला इथे त्याच विषयात केटी लागली, म्हणजे तो विषय राहिला असे धरले गेले. त्याचा उतरलेला चेहरा मी विसरलेलो नाही. म्हणूनच तोंडी आश्वासनावर विमानाचे तिकीट काढू नका, असे मी प्रत्येकाला सांगतो.

तारखांचाही मेळ आधीच घालावा लागतो. त्यांचे हिवाळी सत्र सुरू होते तेव्हा आपल्याकडे विषम सत्राच्या परीक्षा तोंडावर असतात. उन्हाळी सत्राची शिकवणी एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत असते, त्यामुळे तेव्हा सम सत्राच्या परीक्षा आडव्या येतात. परीक्षा आधी घेणार, नंतर घेणार की ते सत्रच तिकडचे धरणार, याचे लेखी उत्तर परीक्षा विभागाकडून मिळवावे.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट दिलासा देणारी आहे. श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आहे, तिथे युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो शिक्षणशुल्क पडते, परंतु दोन विद्यापीठांमधील विनिमय करारानुसार जाणाऱ्यांना ते भरावे लागत नाही. तेव्हा आपला प्रवेश करारांतर्गतच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. सत्र नव्वद दिवसांहून मोठे असल्याने साधा शेंगेन व्हिसा चालत नाही, राष्ट्रीय व्हिसा लागतो. निर्वाहखर्चाच्या पुराव्यासाठी बहुतेक विद्यार्थी ‘श्पेरकोंटो’ म्हणजे गोठवलेले खाते उघडतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून त्यासाठी महिन्याला ९९२ युरो धरले जातात. व्हिसासाठी भेटीची वेळ सहजासहजी मिळत नाही, म्हणून प्रवेशपत्र हाती येताच नोंदणी करावी. आरोग्य विम्याबाबत नेहमी गोंधळ होतो: मुंबईत काढलेला प्रवास विमा वाटेपुरता आणि पहिल्या काही दिवसांपुरता ठीक आहे, पण विद्यापीठात नाव नोंदवताना जर्मन आरोग्य विम्याचा दाखला मागितला जातो.

खोलीसाठी श्टुडीरेंडेनवेर्क या विद्यार्थी-सेवा संस्थेच्या वसतिगृहांत लवकर अर्ज करावा. खासगी खोली घेतल्यास घरमालक राहत्या जागेचे लेखी प्रमाणपत्र देणार का, हे अनामत रक्कम देण्यापूर्वीच विचारावे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि ती नोंदणी या कागदाशिवाय होत नाही. नोंदणी झाली की घरपट्टीसारखे वाटणारे एक पत्र येते. ते आकाशवाणी-दूरचित्रवाणीच्या वर्गणीचे असते. ती दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो असून घरातील सर्वांनी मिळून एकदाच भरायची असते. पत्र बाजूला टाकू नये.

सामान भरताना आईला आणि आजीला नियम नीट समजावून सांगावेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे खव्याचे पेढे, तूप व पनीर घरीच ठेवावे. ताजा कढीपत्ता आणि एप्रिलमध्ये निघणाऱ्यांना हमखास न्यावीशी वाटणारी हापूसची पेटीही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना मात्र त्यातून सूट आहे. गोडा मसाला, थालीपीठाची भाजणी, मेतकूट आणि सुकी आमसुले घट्ट बंद पाकिटांत, वर नाव लिहून न्यावीत. कुकर न्यायचाच असेल तर बुडाला चुंबक लावून पाहावा. चुंबक चिकटला नाही तर तो कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापणार नाही.

तिथे पोहोचल्यावर दैनंदिन शिस्त लवकर अंगवळणी पाडावी. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच वाणसामान भरावे. फायहिंगेनच्या विद्यापीठ परिसरात नेणाऱ्या एस-बान या उपनगरी रेल्वेच्या स्थानकांवर आपल्या लोकलप्रमाणेच तिकीट तपासणारी फाटके नसतात, पण विनातिकीट सापडल्यास ६० युरो दंड होतो. जुन्या इमारतींत ‘केरवोखे’ची प्रथा आहे: तुमच्या दारावर पाटी लागली की त्या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी तुमची. पाळी चुकवणाऱ्याशी शेजारी फार काळ गोड राहत नाहीत, आणि ती मनापासून पार पाडणाऱ्याची जिन्यातच ओळख होते, असा माझ्या विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. त्या ओळखी वाढाव्यात म्हणून निघण्यापूर्वी काळा घोडा येथील मॅक्सम्युलर भवनात किंवा अन्यत्र जर्मनची पहिली पातळी तरी पूर्ण करावी.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि मुंबईशी अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जाते. तिथे संध्याकाळी सात वाजता केलेला फोन घरी रात्री साडेअकराला वाजतो. त्यामुळे फोनची वेळ दुपारच्या जेवणाच्या सुटीत ठरवून घ्यावी. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधार पडतो. समुद्रावरच्या उन्हाची सवय असलेल्या मुलांना ते जड जाते, तेव्हा दिवसा थोडा वेळ तरी बाहेर चालून यावे.

व्याख्यानांना बसणे म्हणजे परीक्षेला बसणे नव्हे. प्रत्येक परीक्षेसाठी ठरलेल्या मुदतीत वेगळी नोंदणी करावी लागते आणि ती मुदत सत्र चालू असतानाच संपते. परतण्यापूर्वी पत्त्याची नोंद रद्द करून त्याचा दाखला घ्यावा, कारण खाती आणि विमा बंद करताना तो उपयोगी पडतो. गुणपत्रक हाती यायला काही आठवडे लागू शकतात, याची लेखी कल्पना मुंबईतील महाविद्यालयाला द्यावी. त्या गुणपत्रकासोबत श्रेणीपद्धतीचा अधिकृत तक्ताही मागून घ्यावा. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण असतो आणि ४.० ला विद्यार्थी जेमतेम उत्तीर्ण होतो. तक्ता नसेल तर दहापैकी श्रेणी मोजणाऱ्या आपल्या लिपिकाला १.३ हा आकडा नापासाचा वाटू शकतो.