गव्हाण रिकामी ठेवा

नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, घरी करायचा असेल तर 24 डिसेंबरपर्यंत थांबू नका. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या दिवसांचा, पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो. त्या संध्याकाळी आमच्या सांगलीच्या घरात फक्त रिकामी गव्हाण मांडली जाते.

गोठ्याच्या भिंतींना कडब्याची ताटं वीतभर कापून सुतळीने बांधा. या दिवसांत ऊसतोड चालू असते, पाचट हवं तेवढं मिळतं, पण त्याची कड बोट कापते. मुलांच्या हाती भाताचा पेंढाच द्या.

पेंढा गव्हाणीत एकदम भरायचा नाही. आजीला पाणी नेऊन दिलं, बहिणीला सायकल दिली, की रात्रीच्या प्रार्थनेनंतर एक काडी ठेवायची. बाळयेशूचं अंथरूण असं मऊ होत जातं. एका वर्षी मी चिडून थोरल्याची काडी काढून घेतली. मध्यरात्री तो उठून बसला. "आई, माझ्यामुळं बाळाला टोचंल का गं?" त्याला कुशीत घेऊन मी ती काडी त्याच्याच हातानं परत ठेवायला लावली. ठेवलेली काडी काढू नका. मुलांना रागवायचं तर रागवा, बाळयेशूला त्यात ओढू नका.

आगमनकाळाच्या चार रविवारांच्या मेणबत्त्या चार: तीन जांभळ्या, तिसऱ्या रविवारची गुलाबी. रंगीत मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांना त्या रंगाच्या रिबनी बांधा.

14 डिसेंबरच्या सुमारास रात्रभर भिजवलेले गहू परातीत माती-शेणखतात पेरा आणि दोन दिवस झाकून ठेवा. हे मला शेजारच्या काकूंनी शिकवलं. त्या घटाला पेरतात, अगदी तसंच. नाताळपर्यंत गोठ्यापुढे हिरवं कुरण होतं.

गाय-गाढव मांडताना मुलांना सांगा, की 1223 साली असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्यो गावात गवताची गव्हाण मांडली, तेव्हा खराखुरा बैल आणि गाढव आणलं होतं. आमची मुलं दरवर्षी विचारतात, गाढव मध्येच ओरडलं असेल का?

बाळाची मूर्ती मात्र कपाटात, धाकटीच्या पहिल्या झबल्यात गुंडाळून. ती पोटात होती त्या डिसेंबरात डॉक्टरांनी मला झोपून राहायला सांगितलं होतं. मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, जाता येत नव्हतं. कॉटवरून ती रिकामी गव्हाण दिसायची. येशूच्या आईचे, मरियेचेही दिवस भरत आले असतील आणि पुढे बेथलेहेमची वाट असेल, असं मनाशी म्हणत मी रोझरी, आमची जपमाळेची प्रार्थना, म्हणायचे. म्हणून गव्हाण आधी भरलेली मला बघवत नाही.

24 च्या रात्री मिस्साहून आल्यावर धाकटी झबलं उलगडते आणि बाळाला ठेवते. दिवे बंद, फक्त मेणबत्त्या. त्या वेळी फोटो काढू नका.

बाळयेशूला भेटायला दुरून आलेले तीन राजे अजून खिडकीतच असतात. रोज एक फरशी पुढे सरकवत त्यांना प्रकटीकरणाच्या सणाला, म्हणजे 2 ते 8 जानेवारीमधल्या रविवारी, गोठ्यापाशी पोहोचवायचं. प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण झाला की आवरायला घ्या. गहू आणि पेंढा काकूंच्या म्हशीला जातो, झबलं धुऊन कपाटात.