बाळंतपणानंतर लघवी सतत गळत असेल तर काय करावं?

खोकताना, हसताना, हंडा उचलताना चार थेंब गळणं ही वेगळी तक्रार. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या (लघवी रोखताना आवळतात त्या) व्यायामाने ती बहुतेकींची हळूहळू कमी होते. पण लघवी लागल्याचं कळतही नाही आणि झोपेतसुद्धा अंथरूण भिजतं, असं असेल तर मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडलेलं असू शकतं. डॉक्टर त्याला फिस्टुला म्हणतात. बाळंतपण फार वेळ अडलं की बाळाच्या डोक्याखाली मूत्राशय पुढच्या हाडावर दाबलं जातं, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि मेलेला भाग काही दिवसांनी गळून पडतो. म्हणून गळती बऱ्याचदा तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास सुरू होते. तोवर बाळंतीण घरी आलेली असते आणि घरचे म्हणतात, 'ओली बाळंतीण आहे, होईल बरं.' सिझेरियनमध्ये किंवा गर्भपिशवी काढताना झालेल्या इजेनेही असं छिद्र पडतं.

१. वाट पाहू नका. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. 'लघवीचा त्रास आहे' एवढंच सांगितलं तर जंतुसंसर्गाच्या गोळ्या मिळतात. 'दिवसरात्र गळते, निजले तरी थांबत नाही' असं सांगा. योनीमार्गातून वारा किंवा शी येत असेल तर तेही लाजून लपवू नका. छिद्र ताजं आणि लहान असेल, तर काही आठवडे लघवीची नळी (कॅथेटर) ठेवून ते ऑपरेशनशिवायही मिटू शकतं. ही संधी पुढे राहत नाही.

२. पाणी तोडू नका. सर्वात जास्त नुकसान इथेच होतं. आधीच आपल्याकडे बाळंतिणीला पाणी बेतानं देतात, त्यात गळतीच्या धास्तीने ती स्वतःही पिणं सोडते. गळती थांबत नाहीच, उलट लघवी घट्ट होते, वास वाढतो, मांड्यांची कातडी सोलवटते आणि मूत्राशयात खडे धरतात. हृदयाचा किंवा किडनीचा आजार नसेल तर दिवसाला ३ ते ४ लिटर पाणी प्यावं. साध्या पाण्याने वरचेवर धुऊन, टिपून कोरडं करावं आणि व्हॅसलीन किंवा झिंकचं मलम लावावं. डेटॉल नको, सोललेल्या कातडीची आग होते.

३. तपासणी साधी असते. मूत्राशयात निळं औषध भरून योनीमार्गात एकावर एक तीन गॉझ ठेवतात. मधला किंवा वरचा गॉझ निळा झाला तर छिद्र मूत्राशयाकडे. वरचा गॉझ ओला पण निळा नसेल, तर किडनीकडून येणाऱ्या नळीची शंका.

४. ऑपरेशन अनुभवी हाताकडेच करा. पहिल्या ऑपरेशनला यशाची शक्यता सर्वाधिक असते, दर फसलेल्या प्रयत्नागणिक तिथली कातडी आखडत जाते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 'फिस्टुलाची ऑपरेशनं इथे होतात का?' असं थेट विचारा. सूज उतरायला साधारण ३ महिने थांबावं लागू शकतं. तेवढ्यात रक्त वाढवून घ्यावं.

५. ऑपरेशननंतरचं सगळं लघवीच्या नळीवर अवलंबून. ती साधारण ७ ते १४ दिवस असते. तुंबली की मूत्राशय फुगतं आणि टाके उसवतात. सोबतच्या बाईने तासातासाला पाहावं: नळी मांडीखाली दबली नाही ना, पिळली नाही ना, लघवीची पिशवी कमरेच्या खाली आहे ना, थेंब पडतायत ना. थेंब थांबले, अंथरूण ओलं झालं, की लगेच नर्सला हाक मारा, मध्यरात्र असली तरी. नळीतली लघवी पाण्यासारखी दिसली पाहिजे.

६. घरी आल्यावर ३ महिने शरीरसंबंध नाही, हंडा-कळशी नाही, आणि कुंथावं लागणार नाही असं जेवण. हे नवऱ्याला आणि सासूला डॉक्टरांनीच समोर बसवून सांगितलेलं बरं. छिद्र मिटलं तरी काहींना खोकताना गळतं. ऑपरेशन फसलं असं लगेच धरू नये, पण पुन्हा तपासून घ्यावं. अडलेल्या बाळंतपणात पायाची नसही दबते आणि चालताना पाऊल लोंबतं, त्यासाठी फिजिओथेरपी वेगळी मागावी लागते, आपणहून क्वचितच कोणी सुचवतं.

पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच तपासणीला ऑपरेशनचे कागद दाखवा. पुढचं बाळंतपण कळा सुरू होण्याआधी, ठरवून सिझेरियननेच.