चपलेच्या सोलचं चिलखत

माझं पहिलं चिलखत माझ्या अंगात शिरलंच नाही. तीन आठवडे खपून केलेला छातीचा भाग काखेत अडकला. ओटीवरून आजी म्हणाली, "गो, ह्या आता भावाक घाल." भाऊ तेव्हा सातवीत होता.

कुडाळजवळच्या आमच्या गावात विज्ञानकथेतल्या सैनिकाचं चिलखत करायला बसलेली मी एकटीच. शिकले ते व्हिडिओ बघून, आणि ते करणारे बहुतेक कोरड्या हवेच्या गावांतले. किनाऱ्यावर राहून कुणाला हे करायचं असेल तर माझ्या चुका कामाला येतील.

आधी माप. नमुन्याची पानं प्रिंट करताना 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला होता, त्यामुळे प्रत्येक तुकडा थोडा थोडा आखडला. आता मी प्रत्येक पानावर १० सेंमीची रेघ काढून ठेवते आणि प्रिंट हातात आली की आधी तिच्यावर पट्टी लावते. दुसरी चूक जाडीची. कागद हाताला गुंडाळून माप घेतलं की ते कागदाचं माप असतं. हाताचा घेर ३० सेंमी आणि फोमची शीट १० मिमी जाड असेल तर बाहेरचा घेर ३६ सेंमीच्या वर जातो. कापायचं माप मधल्या रेषेचं, म्हणजे साधारण ३३. आतल्या कपड्यासाठी आणि हात हलण्यासाठी मी त्यात आणखी २ मिळवते. छातीसाठी मात्र सरळ जुना टी-शर्ट घालून वरून पॅकिंग टेप गुंडाळून घ्यावी, तिच्यावर पेनाने रेघा माराव्यात आणि कुणाकडून तरी ते कवच पाठीवर कापून घ्यावं. तोच छातीचा नमुना. आमच्याकडे ते काम आईने केलं, शिव्या देत.

सामान ईव्हीए फोमचं. स्लीपरच्या सोलला वापरतात तोच हलका प्रकार. मी कोल्हापूरला चपलांचं सामान विकणाऱ्या दुकानातून १० मिमी आणि ५ मिमीच्या शीट आणल्या आणि एसटीत जागा नाही म्हणून गुंडाळी करून आणल्या. ती गुंडाळी महिनाभर सरळ होईना, शेवटी गादीखाली घालून तिच्यावर झोपले. पुठ्ठा आपल्याकडे पावसाळा काढत नाही आणि थर्माकोल या कामाच्या डिंकाने विरघळतो, म्हणून त्या दोघांच्या वाटेला जाऊ नये. कटरचं पातं फोमवर फार लवकर बोथट होतं. कड कुरतडल्यासारखी दिसू लागली की टोक मोडून नवं पातं पुढे काढायचं. पात्यांवर पैसे वाचवू नका.

आता डिंक, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलं. चपला चिकटवतात तो सिंथेटिक रबरचा डिंक दोन्ही कडांना पातळ लावायचा, १० ते १५ मिनिटं थांबायचं, बोटाला लागेनासा झाला की कडा एकदाच नीट जुळवून दाबायच्या. पुस्तकी रीत ही. मी ती जुलैत, बाहेर धो-धो पाऊस पडत असताना केली. डिंकातलं द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं. डोळ्यांना फक्त एक पांढुरकी साय दिसते. दाबलं की चिकटल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी खांदा हातात येतो. असे चार सांधे सुटले. नंतर मी चिकटवायचं सगळं काम दिवाळीनंतर करायचं ठरवलं, आणि पावसात फक्त नमुने काढणं, कापणं, घासणं. डिंकाचा वास डोक्यात जातो, खिडक्या सताड उघड्या हव्यात. कापडी मास्क त्या वाफा अडवत नाही, त्यासाठी रसायनांच्या वाफा गाळणारं काडतूस असलेला मास्क लागतो. आणि ओला डिंक शेजारी असताना हीट गन, म्हणजे तापलेली हवा फेकणारं यंत्र, लावायची नाही, तो भडकतो.

हीट गनने फोमचा पृष्ठभाग किंचित चकाकेपर्यंत गरम केला की त्याची छिद्रं मिटतात. मग तो वाकवून गार होईपर्यंत हातात धरून ठेवायचा. कटरने अर्धवट चिरलेली रेघ गरम हवेने आपोआप उघडते आणि पत्र्याचा सांधा दिसू लागतो. इथे मी अर्धा दिवस नुसती रेघा मारत बसले होते, इतकी मजा येते.

रंगासाठी मी आळीतल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात तिथे, गेले. तिथल्या काकांनी छातीचा तुकडा उलटसुलट करून बघितला. मी पाणी घातलेल्या पांढऱ्या फेव्हिकॉलचे थर देऊन पृष्ठभाग बंद केला होता. त्यांनी तो जरा वाकवला आणि चर्र करून तडा गेला. शिवाय तो थर दमट हवेत पुन्हा चिकट होतो. वाकणाऱ्या वस्तूला वाकणारा थरच हवा, म्हणून मग रबरी प्रायमर आणला. काका एवढंच म्हणाले, "रंगाक घाई करू नको गो बाय. आधीचो थर सुकाक व्हयो."

जुनाट, वापरलेलं दिसण्यासाठी मी आधी सगळीकडे काळा रंग थोपटला होता. पार होळीच्या राखेत लोळल्यासारखं दिसत होतं. माझा सैनिक कुठल्या सिनेमातला नाही, पाचशे वर्षांनंतर समुद्रतळावरच्या खाणी राखणारा आहे. मग एक दिवस मालवण बंदरात जाऊन लोखंडी ट्रॉलरच्या बाजूला नुसती उभी राहिले. गंज सगळीकडे सारखा नसतो. बोल्टच्या भोवती गडद कडं, तिथून खाली पाण्याबरोबर उतरलेला तांबूस ओघळ, आणि दोर घासतो तिथे उघडा पडलेला चकचकीत धातू. घरी येऊन तसंच केलं. ओघळ सगळे खालच्या दिशेने, चंदेरी फक्त कोपर-गुडघ्यांच्या कडांना.

आजीला हे सोंग कुठलं ते काही केल्या कळेना. मी तिला सांगितलं, १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांचं पहिलं जागतिक संमेलन झालं, तेव्हा मर्टल डग्लस नावाच्या बाईने भविष्यातले पोशाख स्वतः शिवून तिथे नेले होते. "मगे शिवणकाम तरी शिक," आजी म्हणाली. तिचं बरोबर होतं. पट्ट्या, बकल, वेल्क्रो नीट शिवलेले नसतील तर वरचं सगळं कौशल्य वाया जातं. नुसत्या डिंकावर लावलेला वेल्क्रो घामाने सुटतो.

हे मला शेजारच्या वाडीतल्या दशावतारी कलाकाराने पहिल्या भेटीत सांगितलं. ते मुकुट चढवून पहाटेपर्यंत नाचतात. मी ऐटीत समोर उभी राहिले. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "उभी रवलंस तर बरी दिसतंस गो. आता बसान दाखय." बसले तर छातीचा भाग हनुवटीत घुसला. जिना चढता येईना. त्यांनीच विचारलं, मध्येच लघवीला जायचं झालं तर किती वेळ लागेल? मोजलं. अकरा मिनिटं, तेही बहीण मदतीला असताना. मग मांडीचे भाग कमरपट्ट्याला अडकवून सहज सुटतील असे केले आणि छाती दोन तुकड्यांत कापली. मुलींनी हा हिशेब सगळ्यात आधी करावा.

शिरस्त्राणात पॉवर बँकेवर चालणारा ५ व्होल्टचा छोटा पंखा बसवला. काचेच्या आतून भांडी घासायच्या साबणाचा पुसट हात फिरवला की वाफ कमी धरते. तरी फाल्गुनात रोंबाटाबरोबर, म्हणजे शिमग्याच्या मिरवणुकीबरोबर, निघाले तेव्हा वीस मिनिटांत घाम डोळ्यांत उतरला. फोम हवा आत येऊ देत नाही आणि घाम बाहेर जाऊ देत नाही. आत सुती कपडे, सोबत पाणी, आणि बाजूला एक माणूस, कारण खालचं दिसत नाही. माझा भाऊ हात धरून चालत होता. पोरं मागून ओरडत होती, "रोबोट इलो रे!" कुत्री पार देवळापर्यंत भुंकत आली. डाव्या पिंढरीचा भाग गटारात पडला. तो भावाने उचलला, धुतला आणि उरलेला रस्ता डोक्यावर घेऊन नाचला.

परवा त्या दशावतारी काकांचा निरोप आला, तुझ्या त्या चपलेच्या शीटीचो मुकुट होयत काय? त्यांचा जुना मुकुट जड आहे आणि आता मान दुखते म्हणतात. ५ मिमीची दीड शीट उरली आहे. रविवारी डोक्याचं माप घ्यायला जाते आहे.