नवा ओएलईडी घेण्याआधी

घरात जुना ओएलईडी टीव्ही (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) असेल, तर नव्याचा मुख्य फायदा म्हणजे जादा उजेड. पण सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, दुपारी आपण पडदे ओढूनच बसतो! अंधाऱ्या खोलीत जुना संचही तितकाच काळा दिसतो, कारण काळ्या जागी पिक्सेल, म्हणजे चित्राचा ठिपका, चक्क विझलेला असतो. हॉल उजेडाचा असेल आणि सिनेमाऐवजी काचेत खिडकीच दिसत असेल, तर बदलाचा विचार करा.

आधी जुन्या संचावर डाग आहेत का, हे पूर्ण करडं चित्र लावून बघा. आमच्याकडे कोपऱ्यात बातम्यांच्या चॅनेलचा लोगो उमटलेला निघाला (आबांची कृपा). सेटिंगमधलं पिक्सेल रिफ्रेश (असे डाग पुसायची सोय) चालवूनही डाग राहिला, तर तो बहुधा कायमचा. नुसत्या सेट-टॉप बॉक्सवरच्या मालिकांसाठी मात्र खर्च नको. तिथलं चित्र नव्या संचावरही फारसं सुधारत नाही.