हात राखून सिंगापूर: दोघांनी सहा दिवस कसं फिरायचं

सिंगापूर महाग आहे हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे, पण नक्की काय महाग आहे हे कोणी धड सांगत नाही. खोली महाग, दारू महाग, टॅक्सी महाग आणि तिकीट काढून बघायच्या गोष्टी तर फारच महाग. पण तिथल्या रोजच्या माणसांसाठी जे केलंय, म्हणजे बस, मेट्रो, हॉकर सेंटरचं जेवण, बागा, समुद्रकाठ, ते एकतर स्वस्त आहे नाहीतर फुकट, आणि मनापासून सांगते, सिंगापूरमध्ये बघण्यासारखं सगळ्यात भारी तेच आहे. मी आणि नवरा पाच रात्री सहा दिवस राहून आलो, युनिव्हर्सल स्टुडिओला गेलो नाही, फ्लायर नावाच्या मोठ्या पाळण्यात बसलो नाही, आणि काही राहून गेलं असं एकदाही वाटलं नाही. तर जे कळलं ते सांगते.

आधी कागदपत्रं उरकून घ्या. आपल्याला व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटमार्फत होतो, सरकारी फी माणशी ३० सिंगापूर डॉलर आणि वर एजंटचे पैसे, त्यामुळे दोन-तीन एजंटना विचारून मगच द्या. आणि पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, ते पूर्ण फुकट आहे, तिथल्या इमिग्रेशनच्या सरकारी साइटवरच भरा कारण हुबेहूब तशाच दिसणाऱ्या साइट पैसे मागतात आणि घाईत माणूस देऊन टाकतो. च्युइंगगम, सिगारेट, व्हेप काही नेऊ नका, व्हेप तर तिकडे बंदीच आहे. तीन चौकोनी पिनांचा अॅडॅप्टर मात्र घरूनच न्या. सिंगापूरचा डॉलर साधारण सत्तर रुपयांच्या आसपास असतो, जायच्या आधी दर बघून घ्या.

खोली

सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात, दोघांच्या साध्या खोलीला रात्रीचे शंभर ते दीडशे डॉलर धरूनच चला. लिटल इंडिया, फॅरर पार्क, जालान बसार, लॅव्हेंडर या पट्ट्यात बघा, मेट्रो स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर हवं, ही अट सोडू नका कारण दिवसभर वीस हजार पावलं टाकून परत येताना ती शेवटची पंधरा मिनिटं जीव काढतात. गेलांगमध्ये खोल्या स्वस्त दिसतात पण तो भाग रेड लाइटचा आहे, तिथल्या काही गल्ल्या ठीकही आहेत, तरी पहिल्याच ट्रिपला मी नाही सांगणार.

आता एक महत्त्वाचं. स्वस्त हॉटेलांत बऱ्याच खोल्यांना खिडकीच नसते. आम्ही बुकिंग करताना फोटोत छान लांब पडदा दिसला, रूममध्ये शिरल्यावर नवऱ्याने पडदा सारला तर मागे सरळ भिंत, पांढरा रंग दिलेली. दोन रात्री तिथे काढल्या, सकाळचे साडेसात वाजले तरी मध्यरात्रच वाटायची आणि ओले कपडे वाळायचं तर नावच नको. मग दहा-पंधरा डॉलर जास्त भरून खिडकीची खोली बदलून घेतली आणि दोघांचेही चेहरे खुलले. तर बुकिंगच्या वेळी खोलीच्या नावात ‘विंडो’ शब्द आहे का तेवढं नीट वाचा. आणि कोणी स्वस्तात फ्लॅट देतो म्हणालं तर घेऊ नका, तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीला राहतं घर भाड्याने देणं तिथे बेकायदेशीर आहे.

फिरायचं कसं

एअरपोर्टवरून टॅक्सी करू नका, मेट्रो सरळ टर्मिनलच्या खालूनच सुटते, तिला तिथे सगळे एमआरटी म्हणतात, तानाह मेराहला गाडी बदलायची आणि दोन-अडीच डॉलरमध्ये शहरात. फक्त रात्री उशिरा उतरत असाल तर वेळ बघा, मध्यरात्रीच्या सुमाराला गाड्या बंद होतात.

वेगळं तिकीट काढायची गरज नाही, टॅप होणारं व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट गेटवर लावता येतं. पण एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, म्हणून निघताना दोघांच्या नावाने दोन कार्डं घ्या. परदेशी कार्डाला ज्या दिवशी वापराल त्या दिवसाचे साठ सेंट जादा लागतात, म्हणजे सहा दिवसांचे माणशी तीन डॉलर साठ सेंट, तिथलं प्रवासाचं ईझी-लिंक कार्ड घेतलं तर त्याचे पाच डॉलर परत मिळत नाहीत, म्हणजे आठवड्याच्या आतली ट्रिप असेल तर आपलं कार्डच बरं. बसमधून उतरतानाही टॅप करायचं हं, विसरलात की शेवटच्या स्टॉपपर्यंतचं भाडं कापलं जातं. मेट्रोत खाणं-पिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा नाही, दंड पाचशे डॉलरपर्यंत आहे.

डबल डेकर बसमध्ये वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मिळाली तर मिळवाच. दीड-दोन डॉलरमध्ये अख्खं शहर समोरून उलगडत जातं, पावसात तर फारच सुंदर, समोरच्या मोठ्या काचेवरून पाणी ओघळतंय आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पर्जन्यवृक्षांची कमान, आम्ही दोन वेळा काही काम नसताना नुसते बसून आलो.

जेवण

हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली पन्नास-शंभर छोटे स्टॉल आणि मधे सगळ्यांची मिळून टेबलं. पूर्वी रस्त्यावर गाड्या लावणारे लोक सरकारने इथे आणून बसवले, नळ, गटार, स्वच्छता सगळं दिलं, आणि २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. ऑफिसवाले, म्हातारे आजी-आजोबा, शाळेची पोरं सगळे इथेच जेवतात. पाच-सहा डॉलरमध्ये एकाचं पोट भरतं, एसी फूड कोर्टात थोडं जास्त, आणि रेस्टॉरंटमध्ये मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर समजा की वर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ९ टक्के जीएसटी लागणार.

पद्धत अशी की आधी जागा धरायची, मग जेवण आणायचं. जागा धरायला टेबलावर टिश्यूचं छोटं पाकीट ठेवतात, त्याला ‘चोप’ करणं म्हणतात. पहिल्या दिवशी आम्ही टेक्का सेंटरला हातात गरम ताटं घेऊन जागा शोधत फिरत होतो, रिकाम्या दिसणाऱ्या प्रत्येक टेबलावर एक पाकीट, कुठे छत्री, एका ठिकाणी तर ऑफिसचं ओळखपत्र, आणि कोणी त्याला हातही लावत नाही. शेवटी एका काकूंनी आपल्या शेजारच्या खुर्च्या दाखवून बसा म्हणून खुणावलं, आणि जेवण झाल्यावर ट्रे कुठे नेऊन ठेवायचा तेही दाखवलं. ट्रे उचलणं २०२१ पासून नियमच आहे, न उचलल्यास दंड होतो. पाकीट दोघांच्याही बॅगेत ठेवा, एरवीही लागतंच कारण बरेच स्टॉल टिश्यू देत नाहीत. थोडी रोकडही ठेवा.

टेक्का सेंटर लिटल इंडिया स्टेशनच्या दारातच आहे, डोसा, पराठा, बिर्याणी सगळं. चायनाटाउनला मॅक्सवेल आणि चायनाटाउन कॉम्प्लेक्स, चिकन राइस, नूडल्स, डंपलिंग, खाणाऱ्याला कमी नाही. लाऊ पा सात ऑफिसांच्या मधोमध आहे, जुनं लोखंडी बांधकाम बघण्यासारखं, संध्याकाळी बाहेरच्या रस्त्यावर साटे, म्हणजे काडीला लावलेलं मांस, भाजतात त्याचा धूर दुरूनच येतो.

शाकाहारी मंडळींनी नीट ऐका. ‘नो मीट’ म्हटलं तर मासे किंवा कोळंबी येऊ शकते, कारण तिकडे बऱ्याच जणांच्या हिशेबात मीट म्हणजे फक्त मटण-चिकन-पोर्क. सांबल म्हणजे मिरचीच्या चटणीत कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, रोजाक नावाच्या फळं-भाज्यांच्या सॅलडमध्येही. त्यापेक्षा चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल शोधा, जवळजवळ प्रत्येक मोठ्या हॉकर सेंटरमध्ये एखादा असतोच, भातावर दोन-तीन भाज्या बोटाने दाखवून घ्यायच्या, बरेचदा कांदा-लसूणही नसतो. आणि अगदीच आपलं खावंसं वाटलं तर सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं. माझा नवरा चौथ्या दिवशी तिथे सांबार-भात खाऊन दहा मिनिटं काही बोललाच नाही.

कॉफीची भाषा शिकून घ्या, मजा येते. ‘कोपी’ म्हणजे कंडेन्स्ड मिल्क घातलेली, ‘कोपी ओ’ म्हणजे काळी पण साखरेची, ‘कोसोंग’ जोडलं की बिनसाखरेची, ‘सिऊ दाई’ म्हणजे कमी गोड, ‘पेंग’ म्हणजे बर्फ घालून. चहाला ‘ते’. कोपी आणि काया टोस्ट, नारळ-अंड्याचा जॅम लावलेला, एवढ्यात नाश्ता होतो. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, दोन बाटल्या घरून न्या आणि भरत राहा.

दिवस कसा लावायचा

सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ, बाराही महिने दमट आणि गरम, सूर्य सकाळी सातच्या सुमाराला उगवतो आणि संध्याकाळी सातलाच मावळतो. दुपारी बारा ते चार बाहेर फिरूच नका. सकाळी आठला निघा, बाराला जेवा, मग खोलीवर जाऊन अंघोळ करून तासभर झोपा आणि साडेचारला परत निघा. आमची पहिल्या दिवशी चायनाटाउनच्या चौकात भर दुपारी जी वादावादी झाली ती निव्वळ उन्हाने, नकाशा कोणी चुकवला यावरून. दुसऱ्या दिवसापासून दुपारची झोप सुरू केली आणि पुढचे पाच दिवस आवाज चढला नाही. पाऊसही बरेचदा दुपारनंतर धो धो येतो आणि तासाभरात जातो, छत्री एकच पण मोठी न्या.

एक संध्याकाळ पूर्ण मरीना बेला द्या. साडेपाचला रॅफल्स प्लेसला उतरा, सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेल्या मरलायनच्या पुतळ्यापाशी फोटो काढा (गर्दी असते, दहा मिनिटं पुरे), ज्युबिली ब्रिजवरून एस्प्लनेडच्या बाजूला या. तिथल्या बागेत आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे. मूळ स्मारक १९४५ मध्ये उभं राहिलं आणि इंग्रजांनी परत आल्यावर पाडलं, आताची खूण १९९५ ची. समोरच्याच पाडांग मैदानाजवळ ५ जुलै १९४३ ला नेताजींनी सेनेची सलामी घेतली होती. आजूबाजूला लोक सेल्फी काढत असतात आणि या कोपऱ्यात फारसं कोणी नसतं. आम्ही दोघं तिथे जरा वेळ नुसते उभे राहिलो. आपल्या माणसांनी तिथे जायलाच हवं.

तिथून हेलिक्स ब्रिजवरून मरीना बे सँड्स हॉटेलकडे, मागे गार्डन्स बाय द बे. बाहेरची बाग फुकट आहे आणि सुपरट्रींचा, म्हणजे झाडांसारख्या उंच मनोऱ्यांचा, लाइट-म्युझिक शो रोज ७.४५ आणि ८.४५ ला असतो, तोही फुकट. उभं राहून बघू नका, एक पातळ चादर किंवा ओढणी अंथरा आणि सरळ पाठीवर झोपा. अंधार पडलेला असतो, डोक्यावर पंचवीस ते पन्नास मीटर उंच झाडं, गाणं सुरू होतं आणि दिवे मुळापासून फांद्यांपर्यंत चढत जातात, शेजारी अनोळखी कुटुंबं तशीच पडलेली, एक बारकी पोरगी वर हात करून दिवे पकडायला बघत होती. माझे डोळे भरून आले. पहिला शो बघून शांतपणे चालत सँड्सच्या पाण्याकाठी या, ९ वाजता तिथे स्पेक्ट्रा नावाचा पाणी आणि लेझरचा शो असतो. अख्ख्या संध्याकाळचा खर्च मेट्रोचं भाडं आणि जेवण.

एका सकाळी बोटॅनिक गार्डन, १८५९ सालची, जागतिक वारसा, पहाटे पाचला उघडते आणि फुकट, फक्त आतल्या ऑर्किड गार्डनला तिकीट आहे. एका सकाळी हार्बरफ्रंटहून मरांग ट्रेलच्या पायऱ्या चढून माउंट फेबर आणि पुढे हेंडरसन वेव्हज, रस्त्यापासून ३६ मीटर उंच लाटेसारखा लाकडी पूल, वाऱ्याला बसायला लाकडातच कोनाडे केलेत. सेंटोसाला केबल कार नको, विवोसिटी मॉलच्या बाजूने बोर्डवॉकवरून चालत जा, आत बस आणि बीच ट्राम फुकट आहेत. चायनाटाउनला श्री मारिअम्मन मंदिर, १८२७ चं, आणि संध्याकाळी पिनॅकल अॅट डक्स्टन. ही सरकारी घरांची सोसायटी आहे, पन्नासाव्या मजल्यावर गच्ची, सहा डॉलर भरून जाता येतं. मला सँड्सच्या वरच्या डेकपेक्षा हे जास्त आवडेल कारण खाली लोकांचे कपडे वाळत असतात आणि समोर अख्खं बंदर.

एक दिवस पुलाऊ उबिन या बेटाला ठेवाच. तानाह मेराहहून २ नंबरची बस, चांगी व्हिलेजला उतरायचं, तिथून लाकडी बोट, वेळापत्रक नाही, बारा जण जमले की सुटते, माणशी चारेक डॉलर. पलीकडे भाड्याची सायकल घ्या, मातीचे रस्ते, नारळ, पत्र्याची घरं, मला तर कोकणात आल्यासारखंच वाटलं. सायकलच्या बास्केटमध्ये खाऊ उघडा ठेवू नका, माकडं आहेत.

तिकिटाचं काही बघायचंच असेल तर एकच निवडा. माझं मत गार्डन्स बाय द बेमधल्या क्लाउड फॉरेस्ट या काचघराला, आत ३५ मीटरचा धबधबा आणि एसी, म्हणून ते मुद्दाम दुपारी करा.

शेवटच्या दिवशी विमान रात्रीचं असेल तर चार तास आधीच एअरपोर्टला जा. जवळच ज्यूएल नावाचा मॉल आहे, २०१९ मध्ये उघडलेलं, मधोमध छतातून ४० मीटर खाली पडणारं पाणी, बघायला पैसे नाहीत, बोर्डिंग पासही लागत नाही. संध्याकाळी त्यावर दिवे सोडतात. तळघरात सुपरमार्केट आहे, उरलेल्या नाण्यांची तिथे कोपीची पाकिटं घ्या, काया जॅम घ्यायचा असेल तर तो चेक-इनच्या बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेत असला तर सिक्युरिटीला काढून घेतात.